इंजिन टिकतंच, पत्रा टिकवावा लागतो

मंडणगड तालुक्यातली एखादी जुनी छोटी गाडी भंगारात निघाली की तिचं बॉनेट एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं. खालचा पत्रा सडलेला, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, मागचे ब्रेक धरून बसलेले आणि पासिंगची तारीख कधीच उलटून गेलेली. गाडी जाते ती या कारणांनी. बारा-पंधरा वर्षांची गाडी आणखी दहा वर्षं वापरायची असेल तर लक्ष कुठे द्यायचं ते इथूनच ठरतं. शहरातली माणसं सर्व्हिसिंगचे किलोमीटर मोजतात. आपल्याकडे पाऊस, खारं वारं, गाडी उभी राहण्याचे महिने आणि कागदांवरच्या तारखा मोजाव्या लागतात.

आधी गाडी कोणती ते बघू. भिंगळोलीच्या स्टँडपासून बाणकोटपर्यंत जुन्या गाड्या म्हणून जास्त करून मारुतीच्याच दिसतात, आणि त्याला कारण आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिच्यातलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढे २००० साली आलेल्या अल्टोतही चाललं. वॅगनआर १९९९ च्या अखेरीस आली ती १०६१ सीसीची, चार सिलिंडरची. २०१० मध्ये तिचा साचा बदलला आणि तिला ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं ‘के’ मालिकेतलं इंजिन मिळालं. मला विचाराल तर ही २०१० ते २०१८ मधली वॅगनआर आपल्या भागासाठी सर्वांत सोयीची. उंच असल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना वाकून बसावं लागत नाही, वाडीत उतरणाऱ्या उताराच्या वाटेवर पोट घासत नाही, आणि हिचे पार्ट महाड, खेड, दापोली, चिपळूण कुठेही मिळतात. सँट्रो आवडणारी मंडळी आहेत. ती गाडीही टिकाऊ आहे, पण पार्टसाठी कधीकधी थांबण्याची तयारी ठेवा.

या इंजिनांमधला एक फरक खिशाशी थेट जोडलेला आहे. ८००, अल्टोचं ७९६ सीसी आणि जुन्या वॅगनआरचं १०६१ सीसी या इंजिनांना रबरी टायमिंग बेल्ट असतो. ९९८ सीसीला साखळी असते. बेल्ट तुटेपर्यंत आवाज करत नाही आणि तुटला की गाडी जिथल्या तिथे उभी. जुनी गाडी घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललाच नाही असं धरून चाला. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि वॉटरपंपही बघून घ्यायला सांगा, कारण त्यासाठी पुन्हा तेवढंच खोलायची मजुरी परवडत नाही. साखळीवाल्या इंजिनाला हा खर्च नाही, पण साखळी जगते ती ऑईलवर. तिथे चालढकल केली तर थंड गाडी सुरू करताना खडखड ऐकू येऊ लागते.

ऑईलच्या बाबतीत गावच्या गाड्यांचं एक गणित चुकतं. दहा हजार किलोमीटर झाले नाहीत म्हणून तीन-तीन वर्षं ऑईल तसंच ठेवलं जातं. घरापासून बाजारापर्यंत आणि परत असं चालणारं इंजिन पुरतं तापतच नाही. त्यात पाण्याची वाफ आणि पेट्रोल साचत जातं. म्हणून ऑईल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदला, मग मीटर काहीही सांगो. बदलण्याची वेळ शिमग्यानंतरची ठेवली की पावसाळ्यापूर्वी बाकीचंही बघून होतं. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच घ्या. गाडी जुनी झाली म्हणून जाड ऑईल टाकायचं हा सल्ला सगळीकडे मिळतो. इंजिन ऑईल खात नसेल, धूर देत नसेल तर त्याची गरज नाही.

आता पत्रा. कोकणपट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यात वेळास, बाणकोट, वेसवीकडच्या गाड्यांना खाडीचं नि समुद्राचं वारं. जांभ्याचा तांबडा चिखल चाकाच्या कमानीत जाऊन बसतो आणि आठवडाभर ओला राहतो. गंज तिथून सुरू होतो, आणि तो नेहमी आतून बाहेर येतो. वरच्या रंगावर लहानसा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा अर्धा संपलेला असतो. म्हणून तपासायच्या जागा पाठ असाव्यात: दरवाज्याखालची पट्टी, मागच्या चाकाच्या कमानीचा आतला काठ, बॅटरीखालचा ट्रे, पायाखालच्या मॅटखालची जमीन, डिकीत स्टेपनीची जागा, जॅक लावायच्या जागा, आणि बॉनेटखाली शॉकअप जिथे वर बोल्टला बसतो ते दोन्ही खांब. शेवटच्या दोन ठिकाणी गंज दिसला तर रंगाऱ्याकडे नव्हे, मिस्त्रीकडे जायचं. तिथे गाडीचं वजन पेललेलं असतं.

दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. चिखलानं ती बुजली की दरवाजात पाणी साठतं. गाडी वळवताना दारातून खळखळ आवाज आला तर तेच समजा. झाडूचा हीर घेऊन भोकं मोकळी करा. वायपरखालच्या जाळीत आंब्याचा मोहोर, फणसाची पानं, सुरूच्या काड्या साचतात आणि पावसाचं पाणी बाहेर जाण्याऐवजी आत पायाशी उतरतं. गाडीत कुबट वास येतोय, काचांवर आतून सारखी वाफ धरतेय, मॅट उचलली तर खालचा फेल्ट ओला आहे, असं असेल तर एसी दुरुस्त करण्याआधी ती जाळी साफ करा. जूनपूर्वीचं हे काम फुकटात होतं, आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं.

पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी गाडी खालून धुवा. मोटरचा पाइप लावून चाकांच्या कमानीत, पट्टीच्या आतल्या बाजूला भरपूर गोडं पाणी मारलं की झालं. शाम्पू-पॉलिशची गरज नाही. वेसवीहून बागमांडल्याला जंगलजेटीनं गाडी नेलीत तर घरी परतल्यावर त्याच दिवशी खालून धुवा. बोटीवर चढता-उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातात आणि वाऱ्याच्या दिवशी फवारा अंगावर येतो. वेळासला फेब्रुवारी-मार्चमध्ये कासव महोत्सवासाठी येणारे पाहुणे वाळूजवळ गाड्या लावतात, त्यांनाही हे सांगायला हवं. पुळणीवर गाडी न्यायची हौस तर मुळीच करू नये, ती जुन्या गाडीला महागात पडते आणि कासवांच्या घरट्यांनाही.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल थोडं सावध राहा. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर ते उपयोगी आहे. गंजलेल्या पत्र्यावर काळा रबरासारखा थर चढवला की ओल आत कोंडते आणि वरून सगळं छान दिसत असताना पत्रा आतून गळतो. आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा, प्रायमर मारायचा, चांगलं वाळू द्यायचं आणि मग कोटिंग. ही कामं एप्रिल-मेच्या उन्हातच करायची. काही ठिकाणी इंजिनातून काढलेलं काळं ऑईल खालून फवारतात. गंज थोडा थांबतो हे खरं, पण रबरी बुश आणि पाइप त्यानं फुगतात, मऊ पडतात. शिवाय ते घाण ऑईल शेवटी आपल्याच विहिरीकडे उतरतं.

गाडी कुठे उभी करता यावरही बरंच अवलंबून आहे. घराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे नको, माडाखाली नको. निसर्ग चक्रीवादळानं ३ जून २०२० रोजी मंडणगड-दापोलीत किती झाडं आणि किती छपरं आडवी केली ते इथं कुणाला सांगायला नको. प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट बांधली की खाली घाम धरतो; त्यापेक्षा चारही बाजूंनी मोकळी, वर पत्रा टाकलेली शेड बरी. खाली माती असेल तर खडी पसरा.

चाकरमान्यांच्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. गणपतीला चालवली, मग दिवाळी, मग थेट शिमगा. मधल्या काळात गाडी गावी उभी, किंवा मुंबईत इमारतीखाली उभी. उभी राहणारी गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. घरी कुणी चालवणारं असेल तर पंधरवड्याला एकदा दहा-बारा किलोमीटर फिरवून आणायला सांगा, एसी लावून. जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा उपयोग नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. कुणीच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. हँडब्रेक लावून ठेवू नका, कारण ओल्या हवेत मागच्या ड्रममध्ये लायनर चिकटतात आणि चाक जाम होतं. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला पुढून-मागून दगड लावायचा. इंजेक्शनवाल्या गाडीची बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्का मारूनही ती सुरू होत नाही, कारण टाकीतल्या पेट्रोलपंपालाच वीज लागते. चार पोरांना उगाच घाम फोडण्यापेक्षा जंपर केबलची जोडी डिकीत असू द्या.

उंदरांवर रामबाण उपाय नाही. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, बाजारातले फवारे हे सगळं थोडे दिवस चालतं. गाडीत खाण्याचा कण राहू न देणं, भाताच्या उडवीपासून आणि लाकडांच्या ढिगापासून गाडी दूर ठेवणं, रात्री बॉनेट उघडं ठेवून खाली दिवा लावणं यांनी जास्त फरक पडतो. उभ्या गाडीचं एअर फिल्टरचं झाकण सुरू करण्याआधी उघडून बघा. घरटं तिथेच असतं.

पेट्रोलचंही बदललं आहे. आता पंपावर मिळणारं बहुतेक पेट्रोल २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या चारचाकींचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. घाबरून गाडी विकण्याइतकं हे मोठं नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पाण्याला तोटा नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवेला जागा कमी राहते. दहा वर्षांवरच्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा बोटांनी दाबून बघायला सांगा. चिरा दिसल्या तर लगेच बदला. तिथे काटकसर करू नये.

घाटाकडे वळू. म्हाप्रळहून मंडणगडला चढताना जुन्या गाडीचं रेडिएटर काय ते सांगतं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सतत थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये साचलेला गाळ, बंद पडलेला पंखा किंवा सैल झाकण हेच असतं. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतणं ही वाटेतल्या अडचणीपुरती गोष्ट. घरी आल्यावर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. उतरताना ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं हा जुन्या एसटी चालकांचा रिवाज छोट्या गाडीलाही लागू आहे. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं, आणि ते तापलं की पेडल मऊ पडतं; दर दोन वर्षांनी बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांनंतर ते रबर पावसातल्या उतारावर धरत नाही.

सुरक्षिततेचं एक स्पष्ट सांगतो. ग्लोबल एनकॅपनं २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला शून्य तारे दिले होते. या गाड्या गावच्या रस्त्यांच्या आहेत. महामार्गावर त्यांच्याकडून शंभरची अपेक्षा करू नका, आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा.

कागदांचं काम इंजिनापेक्षा अवघड, कारण तालुका जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आणि एमएच ०८ चं परिवहन कार्यालय रत्नागिरीला. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवता येते. दिल्ली परिसरातल्या १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल या बंदीच्या बातम्या ऐकून इथे लोक चांगल्या गाड्या मातीमोल विकतात. ती बंदी महाराष्ट्रात नाही. पासिंग मात्र लागतं. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५ हजार झाली, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वाढत जातात. २० वर्षं उलटलेल्या गाडीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १० हजार झाली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, जो २०१० पासून पेट्रोल गाडीला ५ वर्षांसाठी ३ हजार होता. दर बदलतात, म्हणून भरण्याआधी परिवहन संकेतस्थळावर बघून घ्या, आणि तालुक्याच्या गावी होणाऱ्या शिबिराची तारीख विचारा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली असली पाहिजे. पीयूसी बीएस-४ गाडीला वर्षाचं मिळतं, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांचं.

गावागावांत एक चूक सारखी दिसते. वडील गेले, गाडी त्यांच्याच नावावर राहिली, मुलगा चालवतो. कायद्यानं वारसानं ३ महिन्यांत नाव लावून घ्यायचं असतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा नावच बघते. तसंच ठाण्या-वसईकडची गाडी निवृत्तीनंतर कायमची गावी आणली असेल तर पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो. आणि कर्ज कधीच फिटलेलं असताना आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहिलेला असतो. बँकेचं पत्र आजच मागा, शाखा विलीन झाल्या की ते मिळणं कठीण.

विम्यात मघाचा सीसीचा फरक पुन्हा येतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीच्या आतल्या मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीचा ३४१६, वर जीएसटी. म्हणजे ९९८ सीसीची वॅगनआर खालच्या दरात बसते आणि १०६१ सीसीची वरच्या. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीवर झाड पडल्याचे पैसे मिळत नाहीत, पूर आला तरी मिळत नाहीत. गाडीची विमा-किंमत लाखाच्या आसपास आहे तोवर पूर्ण विमा घ्या. ती पन्नास हजारांखाली गेली की थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचा अपघात विमा पुरे, असं माझं मत. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो.

पैशांचा हिशेब एकदा कागदावर मांडा. ५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साधारण १० हजार ४०० येतो, वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी गाडी थोडी स्वस्त झाली हे खरं. पण जुनी विकायला काढली तर तिचाही भाव त्याच हिशेबानं पडतो. त्यापेक्षा महिन्याला दोन हजार जुन्या गाडीच्या नावानं बाजूला ठेवा. क्लचप्लेट, टायर, बॅटरी, एखाद्या वर्षी शॉकअप आणि बुश, सगळं बहुधा त्यात बसतं. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच्या आत चालवणाऱ्याला नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही. रोज महाड गाठणाऱ्याचा हिशेब वेगळा निघेल.

जुनी विकत घ्यायची असेल तर जुलै २०२१ विसरू नका. त्या पुरात महाड आणि चिपळूणमध्ये असंख्य गाड्या बुडाल्या आणि धुऊन-पुसून बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत चिखलाची रेघ लपत नाही. सीटखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, हेडलाइटच्या आतली धूळ बघा. रंग नवा आणि गाडी अगदी स्वस्त असेल तर लोहचुंबक घेऊन पट्टीवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

शेवटी सोडायची कधी? शॉकअपचे खांब किंवा जॅकच्या जागा गंजून हातानं ठिसूळ लागू लागल्या, की वेल्डिंग करून घेण्यात अर्थ नाही. इंजिन, गिअरबॉक्स कितीही चांगले असोत. तेव्हा गाडी ओळखीच्या भंगारवाल्याला नुसती देऊन टाकू नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याचं परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणी जिवंत असेपर्यंत त्या नंबरची जबाबदारी तुमच्याच नावावर असते, गाडी कुठेही गेली तरी.